सरावाची नीती : शिकणाऱ्याचा कॅमेरा आणि समोरचा माणूस

१

कोणतीही कला शिकणे म्हणजे काही काळ चुकत राहणे होय. या विधानात वादग्रस्त असे काही नाही. कुंभाराच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाची मडकी चाकावरच बसतात, गवयाच्या शिष्याचा स्वर वर्षानुवर्षे आपली जागा सोडतो, आणि नवशिक्या कवीच्या पहिल्या वह्या बहुधा फाडून टाकण्याच्याच लायकीच्या असतात. या चुकांची किंमत कोणीतरी मोजतच असते. पण ती माती, कागद, वेळ आणि गुरूची सहनशक्ती एवढ्यात भागते. बिघडलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होतो. आपल्यावर अन्याय झाला, असे त्याला म्हणता येत नाही.

चित्रपटाचे शिक्षण या सर्वसाधारण नियमाला अपवाद ठरते काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. चित्रपटाच्या विद्यार्थ्यालाही चुकावे लागते. परंतु त्याचा कच्चा माल म्हणजे माती नव्हे आणि शब्दही नव्हे. कॅमेऱ्यापुढे काहीतरी प्रत्यक्ष असावे लागते, आणि बहुतेक वेळा ते ‘काहीतरी’ म्हणजे कोणीतरी असते. तेव्हा विद्यार्थ्याच्या चुका कोणावर घडतात आणि त्यांची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा आहे. चित्रपटशिक्षणाविषयीच्या आपल्याकडील चर्चेत अभ्यासक्रम, प्रवेश, शुल्क, नोकऱ्या आणि संस्थांची स्वायत्तता यांविषयी बरेच बोलले गेले आहे. हा प्रश्न मात्र बहुधा गृहीत धरून पुढे जाण्यात येते.

एक उदाहरण कल्पू. धरणगावातला एक तरुण चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या एखाद्या संस्थेत दाखल होतो. पहिल्या वर्षी त्याला माहितीपटाचा एक छोटा स्वाध्याय करावयाचा असतो. तीन सहाध्यायांना घेऊन तो गावी येतो. खानदेशातून पुण्यामुंबईला शिकायला जाऊन परत गावी येणे हा प्रवास ‘कोसला’ (१९६३) पासून मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे. फरक एवढाच, की पांडुरंग सांगवीकर रिकाम्या हातांनी परततो आणि हा तरुण कॅमेरा घेऊन. ओळखीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या धाब्याच्या घरात चुलीवर कळण्याची भाकरी चाललेली असते. वरच्या झरोक्यातून उन्हाचा तिरपा पट्टा चुलीच्या धुरात उतरलेला असतो. असा प्रकाश मागून मिळत नाही. पहिल्या वेळी फोकस हुकतो. दुसऱ्या वेळी रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो आणि ध्वनिमुद्रण वाया जाते. “माय, आखो एकडाव,” तरुण म्हणतो. बाई पुन्हा पिठाचा गोळा हाती घेते, आणि तेवढ्यात तव्यावरची भाकरी तशीच राहते. “भाकर जयी गयी, भाऊ,” ती म्हणते. सगळे हसतात, तीही हसते. तिसरा टेक उत्तम होतो.

उदाहरण कल्पित असले तरी त्यात अतिशयोक्त असे काही नाही. उलट ते इतके निरुपद्रवी आहे, की त्यात नैतिक प्रश्न शोधणे हा कोणाला शब्दच्छल वाटेल. बाईवर जबरदस्ती झाली नाही, तिचा अपमान झाला नाही, एक भाकरी तेवढी करपली. परंतु प्रश्नाची रचना अशा साध्या उदाहरणातच नीट दिसते. पहिल्या वेळी ती बाई भाकरी करीत होती. तिसऱ्या वेळी ती भाकरी करून दाखवीत होती. या दोहोंच्या मध्ये तिने काही दिले आहे. ते पैशात मोजण्यासारखे नाही, आणि घेणाऱ्याला आपण ते घेतले याची जाणीवही नाही.

२

हा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना असूनही तो संस्थात्मक शिक्षणाच्या काळातच तीव्र होतो. याचे कारण समजून घेण्यासाठी आपल्याकडे चित्रपट कसा शिकला गेला, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

दादासाहेब फाळके यांच्यासाठी चित्रपटाची शाळा नव्हती. मुंबईचे जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले होते. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले आणि येताना चित्रपटनिर्मितीची यंत्रसामग्री व तिची प्राथमिक माहिती घेऊन आले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) भांडवल उभे करायचे म्हणून त्यांनी जो सराव केला तो लक्षणीय आहे. कुंडीत पेरलेल्या बीजाचा अंकुर कसा वाढतो, हे त्यांनी एकेक चौकट घेत चित्रित केले. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आद्य स्वाध्याय एका रोपट्यावर झाला. त्यानंतर कॅमेरा वळला तो घरच्या माणसांकडे. ‘हरिश्चंद्रा’तला रोहिदास हा त्यांचा मुलगा भालचंद्र आणि ‘कालियामर्दन’मधला (१९१९) कृष्ण ही त्यांची मुलगी मंदाकिनी. यामागे अडचण होती हे खरे, पण अडचणीतून एक क्रम सिद्ध झाला: आधी वनस्पती, मग स्वतःचे घर, मग जग. परक्या माणसाला कॅमेऱ्यापुढे उभे करण्याआधी आपल्या माणसांना उभे करावे, असा एक अलिखित शिष्टाचार त्यात पाहता येतो. त्याच वेळी, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती अण्णा साळुंके यांनी केली, ही नोंदही विसरता येत नाही. ‘मला पाहू नका’ असे म्हणण्याचा अधिकार एका समाजाने तेव्हा बजावला होता; मात्र तो स्त्रियांनी स्वतः बजावला की त्यांच्या वतीने इतरांनी, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

फाळक्यांच्या नंतरची परंपरा उमेदवारीची. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल यांची घडण झाली. १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आणली. या पद्धतीत शिकणारा माणूस कारखान्यातल्या पोऱ्यासारखा असतो. तो वाहतो, धरतो, रंगवतो, पाहतो. त्याला चुकण्याचा हक्क नसतो, कारण चूक झाली तर ती गुरूची आणि कंपनीची चूक ठरते. चुकायचेच असेल तर ते मनातल्या मनात.

‘प्रभात’ बंद पडल्यावर तिच्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. एकाच आवारात उमेदवारीची परंपरा मावळली आणि अभ्यासक्रमाची परंपरा उगवली, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात जितकी चर्चिली जावी तितकी चर्चिली गेलेली नाही. संस्थेने विद्यार्थ्याला जे नवे दिले ते केवळ तंत्र नव्हे. तंत्र कंपनीतही मिळत होते. ऋत्विक घटक यांच्यासारखा शिक्षक, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे सान्निध्य, सतीश बहादूर यांनी रुजवलेली चित्रपट-रसास्वादाची शिस्त, हे सर्व मोलाचे होतेच. पण तत्त्वतः सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. संस्थेने विद्यार्थ्याला चुकण्याचा हक्क दिला, आणि तो सार्वजनिक खर्चाने दिला. बाजाराची भीती न बाळगता एखादा चित्रपट अपयशी करून पाहण्याची मुभा हा चित्रपटशाळेचा गाभा आहे. मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखे दिग्दर्शक या मुभेशिवाय घडले असते, असे वाटत नाही.

या हक्काला त्या काळी एक बाह्य मर्यादा होती. ३५ मिलिमीटरची १००० फूट फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने साधारण ११ मिनिटांत संपते, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला ती मोजून येई. प्रत्येक टेक म्हणजे खर्च. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार करणे भाग पडे. ही काटकसर समोरच्या माणसाविषयीच्या आदरातून आलेली नव्हती. पण तिचा एक फायदा त्या माणसालाही मिळत होता. आज अंकीय चित्रणात ती मर्यादा उरलेली नाही. धरणगावच्या त्या बाईला विसाव्यांदा भाकरी थापायला सांगितले तरी कोणाच्या खिशाला झळ लागत नाही. जे काम पूर्वी कच्च्या मालाची टंचाई करीत असे ते आता विवेकाला करावे लागणार आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे.

३

जगातील पहिली चित्रपटशाळा १९१९ मध्ये मॉस्कोत निघाली. तिच्याशी संबंधित असलेल्या लेव कुलेशोव यांच्या कार्यशाळेच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या परस्परांना छेद देणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट टंचाईची. क्रांतीनंतरच्या त्या वर्षांत कच्ची फिल्म मिळत नव्हती. तेव्हा कुलेशोव यांचे विद्यार्थी ‘फिल्मवाचून फिल्म’ करीत. चित्रपट जणू चित्रित होत आहे अशा रीतीने ते तो रंगमंचावर एकमेकांपुढे करून दाखवीत. येथे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात फेरपालट होत असे. आज जो दिग्दर्शक तो उद्या नट. दुसऱ्याच्या नजरेखाली उभे राहण्याची अस्वस्थता ज्याने अनुभवली आहे त्याच्याच हाती कॅमेरा यावा, ही कल्पना तेथे तत्त्व म्हणून मांडली गेली नसेल, पण व्यवहारात ती होती.

दुसरी गोष्ट ‘कुलेशोव परिणाम’ या नावाने प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा अन्नाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. नंतरच्या कथनांत प्रयोगाचे तपशील बदलत गेले आहेत. सिद्धान्त मात्र अबाधित राहिला. अर्थ चेहऱ्यात नसतो, जोडणीत असतो. संरचनावादाच्या परिचयानंतर मराठी समीक्षकाला या सिद्धान्ताचे नवल वाटणार नाही. परंतु या प्रयोगाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. तो चेहरा कोणा माणसाचा होता, आणि त्या माणसाला आपण भुकेले आहोत की शोकमग्न, याची कल्पना नव्हती. संकलनाचा पहिला पाठ म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपला अर्थ बसवण्याचा पाठ.

आपला कल्पित विद्यार्थी हा पाठ गिरवून आलेला आहे. संकलनाच्या वेळी तो त्या बाईच्या चेहऱ्यानंतर रिकामी बाज जोडील, तिच्यानंतर दूर जाणारी आगगाडी जोडील. आणि शहरातला प्रेक्षक तिचे एकाकीपण पाहून हेलावेल. प्रत्यक्षात ती बाई त्या क्षणी भाकरी उलटण्याची वाट पाहत होती. तिचा मुलगा बाहेरच्या ओट्यावर बसलेला होता. येथे खोटे असे कोणी काही बोललेले नाही. तरीही एका माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले वाक्य घातले गेले आहे.

४

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की समाजाने मान्य केलेल्या इतर विद्यांमध्येही माणसांवरच सराव होतो. वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णावर शिकतो. तेथे आपण हरकत घेत नाही. हे खरे आहे. पण वैद्यकाने आपल्या सरावाला काही अटी घालून घेतल्या आहेत. विद्यार्थी आधी मृतदेहावर शिकतो. जिवंत रुग्णापुढे तो ज्येष्ठाच्या देखरेखीखाली उभा असतो. आणि मुख्य म्हणजे जे केले जाते ते त्याच रुग्णाच्या हितासाठी केले जाते. भाकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत यांतली एकही अट पुरी होत नाही. ‘उद्या समाजाला चांगला दिग्दर्शक मिळेल’ हे उत्तर तिच्यापुरते फारच पातळ आहे.

शिवाय दोन चुकांत एक मूलभूत फरक आहे. वैद्याची चूक चूक म्हणून दिसते, कारण रुग्ण बरा होत नाही. चित्रपटात दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक चूक कारागिरीची: फोकस हुकणे, आवाज बिघडणे, जोड विसंगत होणे. दुसरी चूक समोरच्या माणसाविषयीची. पहिली पडद्यावर तत्काळ दिसते. दुसरी दिसत नाही. किंबहुना अनेकदा ती सौंदर्य म्हणून दिसते. झरोक्यातला प्रकाश, धूर, सुरकुतलेला चेहरा, आणि त्यावर आपण लादलेले एकाकीपण, हे सर्व मिळून एक देखणा शॉट होतो आणि त्याला शाबासकी मिळते. शाळेने जो चुकण्याचा हक्क दिला तो पहिल्या प्रकारच्या चुकांसाठी होता. दुसऱ्या प्रकारची चूक त्याच परवान्यावर, कोणाच्या लक्षात न येता, आत शिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटशिक्षणाचा नैतिक प्रश्न नेमका येथे आहे.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येईल. लेखकही माणसे वापरतो. कादंबरीकाराच्या गावाला आपण कादंबरीत कसे आलो, हे विचारले गेले नव्हते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळेच हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने टाळण्यासारखा नाही. पण साहित्यातला सराव आणि चित्रपटातला सराव यांत भेद करावा लागतो. १८९० मध्ये धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी निसर्गाकडे कसे पाहायचे हे शिकत असताना कोणाला दुसऱ्यांदा उगवावे लागले नाही. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तोपर्यंत जे काही त्यांनी खोडले, बदलले, टाकून दिले, ते कागदावरच राहिले. लेखणी जगाच्या अनुपस्थितीत सराव करू शकते. कॅमेऱ्याला ते शक्य नाही. लेखकाने टाकून दिलेले पान कोणाचे नसते; दिग्दर्शकाने टाकून दिलेला टेक हा कोणाच्या तरी आयुष्यातला अर्धा तास असतो.

चुलीपुढच्या बाईविषयी आणखी एक गोष्ट खानदेशाने तरी विसरू नये. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांनी रचलेल्या ओव्या-गाणी सोपानदेवांमुळे लिहिली गेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ग्रंथरूपाने आली. समजा, त्यांच्या हयातीत एखादा सुशिक्षित विद्यार्थी कॅमेरा घेऊन त्यांच्या चुलीपुढे बसला असता. त्याने काय टिपले असते? ‘भाकरी करणारी शेतकरी स्त्री’. मराठीतली एक श्रेष्ठ कवयित्री त्याच्या चौकटीत असती आणि त्याला ती दिसली नसती. सोपानदेवांनी आईचे चित्र काढले नाही, तिचे शब्द लिहून घेतले. पाहणे आणि ऐकणे यांतला हा फरक आहे. आपण ज्याला पाहतो तो आपल्यापूर्वीपासून पाहत आलेला आहे, ही शक्यता प्रत्येक चौकटीत गृहीत धरली पाहिजे.

५

मग शाळाच नको, असे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर धुळ्याच्या वाटेवरच, मालेगावात, शोधता येते. यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. प्रशिक्षण नाही, भांडवल नाही, साधा व्हिडिओ कॅमेरा. ट्रॉलीच्या जागी सायकल. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने तो सारा उद्योग जगापुढे आणला. या चित्रपटांची नैतिक बाजू तांत्रिक बाजूपेक्षा कितीतरी भक्कम आहे. करणारा, दिसणारा आणि पाहणारा हे तिघे एकाच गल्लीतले. यंत्रमागावरचा कामगार पडद्यावर येतो तो कोणाच्या करुणेचा विषय म्हणून नव्हे, तर नायक म्हणून. आणि प्रेक्षागृहात त्याचे शेजारीच बसलेले असतात. चूक झाली तर हिशेब तिथल्या तिथे, हशाने किंवा शिट्टीने, चुकता होतो.

तरीही मालेगाव हे संपूर्ण उत्तर नाही. हे चित्रपट मुंबईच्या चित्रपटाची नक्कल आणि विडंबन करतात. ज्या नजरेने मुंबई जगाकडे पाहते तिची ते थट्टा करतात, पण तिची चिकित्सा करीत नाहीत. नायिकेसाठी स्त्री बाहेरून आणावी लागे, कारण गावातल्या स्त्रिया पडद्यावर येत नसत. म्हणजे अण्णा साळुंके यांच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी चौकटीतली तीच जागा रिकामी होती. चौकटीत कोण नाही आणि का नाही, हा प्रश्न विचारायला थोडे अंतर लागते. ते अंतर शाळा देऊ शकते. शाळेचे समर्थन करायचे तर ते येथेच करता येईल. शाळा माणसाला त्याच्या गावापासून दूर नेते, हा तिचा दोष आहे आणि तिचा उपयोगही आहे. त्या अंतराचे काय करायचे, हे मात्र शिकवावे लागते.

६

धरणगाव हे उदाहरण निवडण्याचे कारण आता सांगता येईल. या गावाने बालकवींच्या आधी आणखी एक नजर अनुभवली आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावात होते. भिल्लांच्याच हाती बंदूक देऊन भिल्ल टोळ्यांचा बंदोबस्त करण्याची ही योजना होती. आउट्रमने भिल्लांमध्ये मिसळून, त्यांच्याबरोबर शिकार करून त्यांचा विश्वास संपादन केला, असे इतिहास सांगतो. त्याचा जिव्हाळा खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण जवळ जाण्याचे प्रयोजन आधीच ठरलेले होते. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे सचित्र खंड निघाले. त्यांत देशातल्या जातीजमातींची छायाचित्रे होती आणि सोबत त्यांच्या स्वभावाचे निवाडेही छापलेले होते. कॅमेरा या देशात आला तो बहुतांशी असा, निवाडा हाताशी ठेवून. आजचा विद्यार्थी आउट्रम नव्हे. पण विश्वास संपादन करणे हे चित्रणाचे तंत्र म्हणून शिकवले जात असेल, तर त्याने स्वतःला विचारले पाहिजे की विश्वास कशासाठी, आणि काम झाल्यावर त्या विश्वासाचे काय.

या प्रश्नाला तात्त्विक परिभाषा द्यायची तर त्याच रेल्वेमार्गावरच्या अमळनेरची आठवण होते. १९१६ मध्ये प्रतापशेठजींनी तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. अद्वैत वेदान्ताचे चिंतन हे त्याचे मुख्य कार्य. वेदान्तात ‘साक्षी’ ही संकल्पना आहे. साक्षी पाहतो, पण कर्ता नसतो. जे दिसते त्याने तो लिप्त होत नाही. चित्रपटाच्या विद्यार्थ्याला आपला कॅमेरा असा साक्षी आहे असे वाटण्याचा मोह फार मोठा असतो. आपण फक्त पाहिले, केले काहीच नाही. पण भाकरी तीनदा थापली गेली ती कॅमेऱ्यामुळे. पाहण्याने दृश्य बदलले. जो दृश्य बदलतो त्याला साक्षीचे अलिप्तपण मागता येत नाही.

मराठीत याच शब्दाला एक व्यावहारिक प्रत्यय लागून दुसरा शब्द झाला आहे: साक्षीदार. साक्षीदार अलिप्त नसतो. तो पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, त्याची उलटतपासणी होते, आणि खोटी साक्ष दिल्यास तो शिक्षेस पात्र होतो. मुख्य म्हणजे ज्याच्याविषयी तो बोलतो तो माणूस समोर हजर असतो. चित्रपटशाळेने विद्यार्थ्याला साक्षी बनवू नये, साक्षीदार बनवावे. चांगल्या शाळेत याचा अर्धा भाग होतोच: स्वाध्याय दाखवल्यावर ‘कॅमेरा येथेच का ठेवलास?’ असे विचारले जाते आणि विद्यार्थ्याला उत्तर द्यावे लागते. पण हा प्रश्न विचारणारे शिक्षक आणि सहाध्यायी असतात. उलटतपासणीचा अधिकार ज्याला सर्वांत जास्त आहे तो माणूस त्या खोलीत नसतो. विद्यार्थ्यांचे कितीतरी चित्रपट परीक्षक पाहतात, महोत्सव पाहतात, आणि मग ते संस्थेच्या कपाटात जातात. ज्यांचे चेहरे त्यांत आहेत त्यांनी ते पाहिलेले नसतात.

स्मिता पाटील यांचा पडद्यावरचा पहिला वावर अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या १९७४ च्या पदविका-चित्रपटातला. घराण्याने शिरपूरच्या असलेल्या या तरुणीने एका विद्यार्थ्याच्या शिकण्याला आपला चेहरा दिला. पुढे तिला स्वतःचे नाव मिळाले म्हणून त्या देण्याची नोंद राहिली. ज्यांना नाव मिळाले नाही अशा शेकडो चेहऱ्यांचे देणे नोंदीवाचून राहिले आहे.

७

नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. या दृश्याचा सामाजिक अर्थ अनेकांनी सांगितला आहे. आपल्या प्रश्नाच्या संदर्भात त्याचा आणखी एक अर्थ लावता येईल: पाहिला जाणारा माणूस पाहण्यालाच उत्तर देतो, आणि ते उत्तर दिग्दर्शकाने चित्रपटात राहू दिले आहे. दिग्दर्शकाने स्वतःच्या नजरेविरुद्धचा पुरावा स्वतःच दाखल केला आहे. साक्षीदाराने हेच करावयाचे असते.

याचा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या चित्रपटात एक दगड ठेवावा, असा नव्हे. तसे केले तर तोही एक संकेत होऊन बसेल. मागणी त्याहून साधी आणि त्याहून अवघड आहे. सराव आधी एकमेकांवर करावा. ज्याने कॅमेऱ्यापुढे तीनदा तेच काम करून पाहिलेले नाही त्याने दुसऱ्याला ते सांगू नये. जे चित्रित केले ते, ज्याचे केले त्याला, परीक्षकांच्या आधी दाखवावे, आणि त्याचा नकार हा अभ्यासक्रमाचा भाग मानावा. अशा नकाराने काही स्वाध्याय अपुरे राहतील. चुकण्याच्या हक्काइतकाच अपुरे राहण्याचा हक्क शाळेने दिला पाहिजे. हा नियम कलेला मारक ठरेल, अशी भीती व्यक्त केली जाईल, आणि ती अगदीच निराधार नाही. काही थोर चित्रपट कोणाची परवानगी न घेता झाले आहेत. पण सिद्धहस्त कलावंताच्या अपवादावर विद्यार्थ्याचा नियम उभारता येत नाही. विद्यार्थी हा व्याख्येनेच असा माणूस आहे, ज्याला आपली चूक कोणती हे अद्याप कळत नाही. म्हणून ती सांगणारा माणूस त्याच्यासमोर असणे अधिक गरजेचे आहे.

धरणगावच्या उदाहरणाकडे शेवटी एकदा परत जाऊ. तीन टेकांपैकी कोणता ठेवावयाचा, असे विचारले तर कोणताही शिकलेला संकलक तिसरा ठेवील. तो निर्दोष आहे. परंतु ती बाई त्या तरुणाकडे वळून, त्याला ‘भाऊ’ म्हणून, आपल्या भाषेत, आपल्या घराच्या नुकसानीविषयी बोलली ती दुसऱ्या टेकमध्ये. सबंध चित्रणात तेवढाच एक क्षण असा आहे, की त्यात तिने पाहिले आणि कॅमेरा पाहिला गेला. रूढ शिस्तीप्रमाणे तो क्षण बाद आहे. त्याला बाद ठरवणारी शिस्त विद्यार्थ्याला शिकावीच लागेल. ती न शिकता त्याला चित्रपट करता येणार नाही. पण ती शिकून झाल्यावर, संकलनाच्या टेबलापाशी बसून, त्या बाद तुकड्याकडे परत यावे आणि ती करपलेली भाकरी त्या दिवशी त्या घरात कोणी खाल्ली, हे स्वतःला विचारावे, एवढी अपेक्षा त्याच्याकडून करता येते. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याचा स्वाध्याय अजून पुरा झालेला नाही.